खापराजवळची जागा

ओला पंचा गुड्डीच्या मनगटांवर गरगर फिरत होता आणि कोंडाबाई टाळ्या वाजवत होती.

केसरबाई गिरणीतून दळण घेऊन आली ती नेमकी त्याच वेळी. खोल्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत, नळापाशी, चार-पाच बायका घासायची भांडी तशीच टाकून तिच्या सुनेकडे बघत उभ्या होत्या. पंचा एका मुठीवरून उडून दुसऱ्या मुठीवर पडत होता, पडता पडता ताणला जात होता, आणि गुड्डी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. समोरच्या कंपनीच्या पत्र्याकडे बघत ती बायकांशी गप्पा मारत होती.

“ये केसरबाई, पाह्य तं खरं,” कोंडाबाई म्हणाली. “तुनी सून तं भारी निंघनी व माय. आवंदा आखाजीले खापरवर हिलेच बठाड.”

“पंचा वाळत घालायचा असतो,” केसरबाई म्हणाली, “उडवायचा नसतो.” आणि डोक्यावरचा डबा सांभाळत घरात गेली. घरात गेल्यावर तिनं डबा इतक्या जोरात खाली आपटला की झाकण उडालं आणि चुलीपुढची जमीन पिठानं पांढरी झाली.

आता कोंडाबाईच्या एवढ्याशा बोलण्यानं नाकाला इतक्या मिरच्या झोंबायचं कारण काय, ते सांगायला हवं. सिल्वासातल्या या खोल्यांच्या लाईनीत बहुतेक बिऱ्हाडं खानदेशातली. धाग्याच्या कंपनीत पोटासाठी आलेली, दोन वर्षं राहू म्हणत म्हणत नातवंडं खेळवायला लागलेली. इथल्या कंपन्या दिवाळीला सुट्टी देतात, दसऱ्याला मशीनला हार घालतात, पण आखाजी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं. गावाकडे मात्र अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांना घास टाकतात आणि घरोघर खापर पेटतं. खापर म्हणजे मातीचं भलंमोठं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. त्याच्या तापलेल्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजायचे. साधी पुरणपोळी कोणालाही येते. पण मांडा पोळपाटावर थोडासा लाटून मग नुसत्या हातांवर वाढवायचा असतो, या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत, पुरण आत सगळीकडे सारखं राहील असा. हे ज्या बाईला येतं तिच्यासाठी गावात लग्नाच्या तारखा मागेपुढे करतात.

आणि लाईनीत ते एका केसरबाईला येत होतं.

लग्न होऊन ती इथं आली तेव्हा भुसावळ-सुरत गाडीत मांडीवर मूल नव्हतं, गोधडीत गुंडाळलेलं खापर होतं. तेव्हापासून दर आखाजीला सगळ्या लाईनीचे मांडे तीच करत आली होती. एरवी ती कोण होती? नवनाथ ऑपरेटरची बायको, नळावर भांडणारी, सहीपुरतं लिहिता येणारी. पण त्या एका दिवशी सुपरवायझरच्या बायकोपासून खोलीमालकिणीपर्यंत सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघत. खापराजवळची ती जागा तिची होती. ती जागा गेली असती तर तिच्याजवळ दुसरं काहीच उरत नव्हतं, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणूनच तिनं ही विद्या कोणाला दिली नाही. नाही असं तोंडानं कधी म्हणाली नाही, तेवढी ती हुशार होती. “बस की, बघ, बघून बघून येतं,” असं म्हणायची आणि मांडा हातावर घ्यायची वेळ आली की शिकणारीला तूप आणायला पाठवायची. कोंडाबाई अशी अनेकदा तुपाला गेली होती.

गुड्डीलाही तिनं पहिल्या वर्षी तूप आणायला पाठवलं. गुड्डी उत्तरेकडची. केसरबाईच्या मुलाच्या, संजूच्याच कंपनीत पॅकिंगला होती, तिथं त्यांचं जमलं. केसरबाईनं थोडी रडारड केली, मग पोरगी कामाला वाघीण आहे हे बघून गप्प बसली. भाषा वेगळी, चव वेगळी, ही आपल्या वाटेला काय जाणार, असा तिचा हिशेब होता. तो चुकला, कारण गुड्डीचा बाप जवळच्या रांधा गावातल्या ढाब्यावर रुमाली रोटी करायचा हे लग्नाच्या वेळी कोणी विचारलंच नव्हतं.

“पापांनी मला लहानपणीच शिकवलं, अम्मा,” गुड्डी त्या संध्याकाळी जेवताना सांगत होती. तिनं हौसेनं रुमाली केली होती, उलट्या कढईवर. “आधी पीठ घ्यायचंच नाही. ओला कपडा घ्यायचा. नखं कापायची, अंगठी काढायची. बोटांनी पकडायचं नाही, मुठीवर झेलायचं. आणि नजर हातावर ठेवली की गडबड होते. समोर बघायचं. हात आपला आपण शिकतो.”

“कोंडाकाकूलाही जमायला लागलं म्हणे,” संजू म्हणाला.

“त्यांचा खांदा कडक आहे. पण जमेल. मी पाळीवरून आले की सगळ्या येतात ना, मी सांगते त्यांना.”

केसरबाईचा घास तोंडातच थांबला. इतकी वर्षं तिनं जे पदराआड जपलं ते ही पोरगी नळावर फुकट वाटत होती. वर म्हणते, हात आपला आपण शिकतो. केसरबाईला तिच्या आईनं शिकवलं तेव्हा मांडा फाटला की चुलीतली काडी मनगटावर बसायची. त्या डागांपैकी एक अजून होता.

“कशी झाली?” नवनाथनं रोटी घडी करून तोंडात घातली. “एकदम मऊ. संजूची माय, तू खाय ना.”

“कागद खाल्ल्यासारखं लागतं,” केसरबाई म्हणाली आणि सकाळची भाकरी घेतली.

तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी घालताना ती मान वाकडी करून घालायची. कोणी विचारलं तर केस गळतात म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर तिनं दाराला कडी लावली आणि पंचा ओला केला. कोणी बघत नाही ना म्हणून खिडकीही लावली. नखं कापलेलीच होती. मुठी वळल्या, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि पंचा उडवला. डावा हात वर गेला, उजवा खांद्यापाशी अडला. कळ थेट मानेत शिरली आणि पंचा तिच्या डोक्यावर येऊन पडला. ती तशीच उभी राहिली, तोंडावरून पाणी ओघळत. तेवढ्यात दार वाजलं.

“अम्मा, दिवसा कडी का लावली?” गुड्डीच्या आवाजात काळजी होती. पगाराचं कार्ड विसरलं म्हणून ती परत आली होती.

“न्हाते आहे,” केसरबाई म्हणाली.

“बाहेरच्या खोलीत?”

 केसरबाई दार उघडून ओल्या डोक्यानं चुलीकडे गेली आणि भांडी आदळायला लागली. हे पंचा-प्रकरण तिनं मनात सुनेच्या खात्यावरच टाकलं.

आखाजी तोंडावर आली तशी गुड्डीनं पुरण घालून बघायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं थोडी डाळ शिजवली, गूळ घालून पुरण वाटलं, कणकेत भरलं, थोडं लाटलं आणि उचललं. केसरबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. निवडत कसली, सूप नुसतं हलत होतं. तिचे डोळे सुनेच्या हातांवर होते.

हात सुंदर होते. हे कबूल करताना तिला आतून खरवडल्यासारखं झालं, पण डोळ्यांना खोटं कसं बोलता येणार? मुठी हलक्या, कोपरं अंगाशी, घाई नाही. मांडा गरगर फिरत परातीएवढा झाला. मग आणखी मोठा झाला. केसरबाईनं सूप खाली ठेवलं.

आणि मग तिला दिसलं. मांड्याचा मधला भाग पांढरा पडत चालला होता आणि कडेला पुरणाची जाड वळकटी जमली होती. गुड्डीनं तो तव्यावर टाकला, तशी ती वळकटी फुटली आणि पुरण जळून धूर झाला.

“कडेला का पळतं?” गुड्डी स्वतःशीच म्हणाली. तिनं दुसरा केला. तोच प्रकार. “अम्मा, बघा ना. पुरण सगळं किनाऱ्याला जातं.”

केसरबाईला कारण पहिल्या झटक्यालाच कळलं होतं. रुमालीच्या पोटात काही नसतं, तिला हवं तेवढं फिरवा. मांडा भरलेला असतो, तो फिरवला की आतलं बाहेर धावणारच. त्याला अर्धा वेढा द्यायचा आणि थांबायचं, मग दुसऱ्या हातावर चालवायचं. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं.

“सगळ्यांच्याच हाताला ते नसतं, बेटा,” ती मायेनं म्हणाली. “तू वाईट वाटून घेऊ नको.”

त्या दिवशी तिला दोन भाकरी जास्त गेल्या आणि झोपही छान लागली.

आखाजीला मागच्या जागेत विटा लावून चूल मांडली. लाकडं सुरंगी गावाकडून आली होती, आंबे वलसाडचे. कंपन्यांना सुट्टी नसल्यानं पुरुषांनी पाळ्या अदलाबदल करून घेतल्या होत्या, तरी दुसऱ्या पाळीच्या माणसांना जेवून बस गाठायची होती, म्हणून पहिली पंगत त्यांची. ताटं मांडली होती, आमरस वाढला होता. केसरबाई नवं लुगडं नेसून, बांगड्या मागे सारून खापराजवळ बसली. पाण्याचा शिपका मारला, खापर चर्र झालं. सगळ्या बायका गोळा झाल्या. दरवर्षी याच क्षणी तिला वाटायचं की आपण इथं आलो ते काही वाया गेलं नाही.

पहिला मांडा जमला. जरा लहान झाला, पण जमला. दुसराही. तिसरा हातावर घेतला तेव्हा खांद्यातून कळ आली आणि उजवा हात खाली आला. मांडा घसरून खापरावर पडला तो दुमडूनच. तिनं तो सोडवायला बघितला तर फाटला, पुरण पसरलं, करपल्याचा वास सुटला.



“खापर जास्ती तपी गयं,” कोंडाबाई हळूच म्हणाली. हे तिनं सांभाळून घेण्यासाठी म्हटलं होतं, आणि म्हणूनच केसरबाईला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. तिनं पुढचा उचलला. तोही गेला. बसची वेळ होत आली होती, पंगतीतली माणसं रसात बोटं बुडवून चाटत होती, नवनाथ मान खाली घालून बसला होता.

“हात दुखतोय का तुझा?” त्यानं विचारलं.

“धूर डोळ्यात गेला,” केसरबाई म्हणाली.

“अम्मा, मी बघू?” गुड्डी पुढे झाली. केसरबाईनं सरकून जागा दिली. द्यावीच लागली. पण सरकताना तिच्या मनात एक गोष्ट होती ती अशी की बस, बस तू, आता चार लोकांत बघू दे सगळ्यांना.

गुड्डीनं मांडा घेतला, फिरवला, बायका आ वासून बघत राहिल्या आणि मांडा खापरावर पडताच कडेनं फुटला. दुसराही फुटला. पोरीच्या कपाळावर घाम आला. तिनं सासूकडे बघितलं. केसरबाई चुलीतली लाकडं सारखी करत होती. तिला बरं वाटत होतं. लाजायला हवं होतं, पण बरं वाटत होतं.

“ऱ्हाऊ दे पोरी,” कोंडाबाई म्हणाली आणि पदर खोचला. “उठ. मी बसस. जाडेभरडे का व्हईना, पोट तं भरी. आवंदापासून मीच करत जासू आते.”

केसरबाईचा हात लाकडावरच थांबला.

कोंडाबाई. भाकरीएवढा जाड मांडा करणारी, शेजारच्या लाईनीत जाऊन “केसरबाई भाव खाते” म्हणून सांगणारी कोंडाबाई. ती तिच्या खापराजवळ, तिच्या गावाहून मांडीवर आणलेल्या खापराजवळ बसणार? सून गोड लागत नव्हती हे खरं, पण कोंडाबाई म्हणजे विष होतं.

“बस तू, उठू नको,” ती गुड्डीला म्हणाली. आवाज इतका करडा होता की पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. “आणि फिरवणं बंद कर. रुमाली नाही ती. अर्धा वेढा दे आणि थांब. थांब म्हटलं ना. आता या हातावरून त्या हातावर चालव. नुसतं चालव, उडवू नको. परत अर्धा.”

“असं?”

“हळू. पुरणाला जागा शोधू दे. हां. आता कोपरावर घे.”

गुड्डीनं नजर समोर ठेवली आणि मांडा चालवला. कडा पातळ राहिल्या, पुरणाची तांबूस सावली मध्यापासून काठापर्यंत सारखी पसरली. तो तिच्या कोपरांपर्यंत आला, खाली लोंबला, तरी फाटला नाही. खापरावर पडला तेव्हा खापर सगळं झाकलं गेलं. केसरबाईचा मांडा उभ्या जन्मात एवढा झाला नव्हता.

“व माय,” कुणीतरी म्हणालं.

केसरबाईला आपल्यामुळे जमलं याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तिच्या आईनं वर्षभर काडीनं मारून जे शिकवलं ते या पोरीनं चार वाक्यांत उचललं होतं. दुसरा मांडा पहिल्यापेक्षा सुबक झाला. तिसऱ्या वेळी गुड्डी सासूकडे न बघताच करायला लागली. पुरुषांची पंगत घाईनं जेवून बसकडे पळाली. जाता जाता संजू चुलीपाशी वाकून बायकोला काहीतरी म्हणाला, आणि ती हसली.

मग बायकांची पंगत बसली. केसरबाई चुलीशेजारी उभी होती, लाकूड पुढे सारायला. ते काम कोणीही करू शकलं असतं.

“तू का उभी?” कोंडाबाईनं तिच्या हाताला धरलं. “बठ आते पंगतले.”

“मी मागून बसेन.”

“मागून कशाला? मागून खापरवाली जेवस. ती बठेल शे तिकडे.”

रीत तशीच होती. खापराजवळची बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तिला पाटावर बसवून बाकीच्या बायका भोवती उभ्या राहायच्या, एकेक घास आग्रहानं भरवायच्या, घामेजलेल्या कपाळाला पदर लावायच्या. मांडे तोवर गार होऊन जायचे. केसरबाई इतकी वर्षं गारच मांडे खात आली होती, आणि ते कसे लागतात हे कधी तिच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्ष त्या गोल उभ्या राहिलेल्या बायकांकडे असायचं.

तिला लाईनीतली भिमाबाई आणि खोलीमालकीण यांच्या मधे ताट मिळालं. गुड्डीनं खापरावरून उतरवलेला मांडा घडी करून पाठवला. वाफ निघत होती. कोणीतरी वरून तूप ओतलं आणि ते लगेच आत जिरलं. केसरबाईनं कड मोडून बघितली. पुरण होतं. मधून मोडून बघितलं. तेवढंच होतं. रसात बुडवून तिनं पहिला घास घेतला, आणि तो तोंडात नुसता विरघळला. दुसऱ्या कोणाच्या हातचा, खापरावरून उतरलेला मांडा तिनं आई गेल्यापासून खाल्ला नव्हता. गरम मांडा असा लागतो हे ती विसरून गेली होती.

ती चावत राहिली. कुठे कच्चा, कुठे करपलेला, कुठे जाड, काहीतरी सापडेल म्हणून.

“कसं शे?” कोंडाबाईनं विचारलं. सगळी पंगत थांबली होती. चुलीपाशी गुड्डीचे हात मांड्यासकट थांबले होते, आणि ती आता समोर नाही, सासूकडे बघत होती.

“मीठ कमी शे,” केसरबाई म्हणाली.

कणीक पहाटे तिनं स्वतःच मळली होती, एका हातानं, कोणाला हात लावू न देता. लाईनीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.  भिमाबाईनं मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली, गुड्डीनं हातातला मांडा खापरावर टाकला, आणि केसरबाईनं मान खाली घालून आपला मांडा गरम होता तोवर खाऊन संपवला.